मदत हवी आहे: स्टेंटनंतर बाबांचं मॅग्नेशियम कमी, पोटॅशियम काठावर

नमस्कार मंडळी. बाबांना (वय ६८) मागच्या वर्षी स्टेंट बसवलाय. परवाच्या रिपोर्टात मॅग्नेशियम १.५ आलं, खाली अधोरेखित. पोटॅशियम ५.१, म्हणजे वरच्या मर्यादेला टेकलेलं. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) ठीक आहे.

गोळ्या: ॲस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची), टेल्मिसार्टन (बीपीची) आणि रोज उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची). ही शेवटची गोळी दीर्घकाळ घेतली की मॅग्नेशियम उतरू शकतं. कुणाच्या घरी असं झालंय का? डॉक्टरांनी गोळी बदलली की मॅग्नेशियम वरून दिलं?

पोटॅशियमचा संशय मला थेट स्वयंपाकघरावर आहे. आईने बीपीसाठी ‘लो सोडियम’ मीठ आणलंय. पाकिटामागे बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय. टेल्मिसार्टनने आधीच पोटॅशियम शरीरात साठतं, वर हे मीठ आणि रोजचं शहाळं! तूर्त दोन्ही थांबवलंय. आई फुरंगटली आहे, कारण मीठ महागातलं होतं.

आता काका कॅल्शियम-मॅग्नेशियम-झिंकच्या एकत्र गोळीचा आग्रह धरतायत, ‘ब्लॉकेज विरघळतात’ म्हणे. मॅग्नेशियम कमी असणाऱ्यांत हृदयविकार जास्त दिसतो हे खरं, पण गोळीने ब्लॉकेज जातात असं सिद्ध झालेलं नाही. काकांना हे सांगणार कोण?

कार्डिओलॉजिस्टांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. पोटॅशियमची तपासणी त्याआधी पुन्हा करून न्यावी का? सुई टोचताना रक्तपेशी फुटल्या तरी आकडा खोटा वाढतो, म्हणून विचारतेय. आणखी काय विचारून घेऊ?