मदत हवी आहे: राउटरमधला आयपी वेगळा, गुगलवरचा वेगळा, मग पब्लिक आयपी कुठला धरायचा?

नमस्कार मंडळी, गावाकडे आई-बाबा दोघंच असतात म्हणून दिवाळीत घरी दोन कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) बसवून आलो, पुण्यातून मोबाईलवर दिसावं एवढंच डोक्यात होतं. डीव्हीआरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१.२०, तो घरातल्या घरातच चालतो हे कळलं, बाहेरून यायला पब्लिक आयपी लागतो, म्हणून भाच्याला फोन करून तिथल्या वायफायवरून व्हॉट इज माय आयपी बघायला लावलं तर १०३ ने सुरू होणारा नंबर आला. पण राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनसमोर (म्हणजे बाहेरच्या नेटची बाजू) १००.७२ वाला नंबर दिसतोय! पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन राउटरने डीव्हीआरकडे पाठवायची सेटिंग) दोनदा केलं, राउटर बंद-चालू केला, तरी बाहेरून लागतच नाही.

शोधल्यावर समजलं की १००.६४ ते १००.१२७ हे आयपी सीजीनॅटसाठी असतात, म्हणजे एकच पब्लिक आयपी बऱ्याच घरांत वाटलेला, चाळीचा पत्ता आहे पण खोली नंबर नाही असं काहीतरी. माझं हेच झालंय ना?

नेटवाला म्हणतो स्टॅटिक आयपी (आपल्या एकट्याचा, न बदलणारा पब्लिक आयपी) घ्या, वेगळे पैसे पडतील. त्याआधी आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांचा नवा प्रकार) वरून किंवा घरातल्या जुन्या अँड्रॉइड फोनवर टेलस्केल (वेगवेगळ्या ठिकाणची उपकरणं खाजगी नेटवर्कने जोडणारं अ‍ॅप) टाकून जमेल का? कुणी केलं असेल तर नीट सांगा प्लीज. गेल्या महिन्यात बाबांना चक्कर आली होती, आईने दुसऱ्या दिवशी सांगितलं, म्हणून जरा घाई आहे.