लहाना भाऊ मिलिटरी हॉस्पिटलात, सारखी शेताची आठवण काढतोय, काय करावं?

लातूरची ताई: भाऊ 22 वर्षांचा, पोस्टिंग जम्मूकडं, टायफॉईड झाला म्हणून ॲडमिट आहे. ताप उतरलाय पण जेवण जात नाही म्हणतो, अन् फोन केला की घरच्यांचं नंतर, आधी हरभऱ्याला घाटे लागले का, विहिरीला पाणी किती. काल येळवसीला (वेळ अमावस्या, आमच्याकडचा शेतातला सण) व्हिडिओ कॉल लावला, कडब्याची कोप, भज्जी, आंबील सगळं दाखवलं तर गप्पच झाला अन् कट केला. त्यानं वासरापासून सांभाळलेला खोंड आबांनी विकलाय, ते अजून सांगितलं नाही. सांगावं का?

माजी फौजी, बीड: ताई, मुद्दाम काढू नका, पण विचारलं तर खोटं बोलू नका. ड्युटीवर दिवस निघून जातो हो, वॉर्डात पडल्या पडल्या मात्र सगळं शिवार डोळ्यापुढं येतं. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना गरज वाटली तर सिक लीव्ह मिळते, त्यानं स्वतः विचारावं. झोपही उडाली असंल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 ला फोन करू द्या, फौजींसाठी 2023 पासून पुण्याच्या एएफएमसीत (फौजेचं मेडिकल कॉलेज) तिचा वेगळा सेल आहे.

परभणीकर: नुसतं ताट दाखवू नका, त्याचा सल्ला घ्या. हरभऱ्याला पाणी कधी सोडायचं, उन्हाळी भुईमूग करायचा का. माझा पुतण्या पोस्टवरून फवारणी सांगायचा, आम्ही तशीच करायचो.

लातूरची ताई: आज भुईमुगाचं विचारलं तर लई बोलला. खोंडाचंबी त्यानंच काढलं, आबांनी सांगून टाकलं. रडला जरा, मग म्हणला घेणारा माणूस चांगलाय ना? लीव्हचं उद्या डॉक्टरांना विचारणारंय.