ऑफर ‘ए ए ए’ची आणि निकाल ‘ए ए बी’ लागला, तर युनिव्हर्सिटी घेते का?

रेडिंगची आई :

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा ए-लेव्हलला (इथली बारावीसारखी परीक्षा) होती. केमिस्ट्री, मॅथ्स आणि सायकॉलॉजी. तिला बायोकेमिस्ट्रीला जायचंय. फर्म चॉइसची, म्हणजे पहिल्या पसंतीच्या युनिव्हर्सिटीची, ऑफर ए ए ए (तिन्ही विषयांत ए) आहे आणि त्यात केमिस्ट्रीत ए हवाच असं स्पष्ट लिहिलंय. इन्शुरन्सची, म्हणजे पहिली हुकली तर राखीव ठेवलेल्या युनिव्हर्सिटीची, ऑफर ए बी बी. केमिस्ट्रीचा तिसरा पेपर अवघड गेला, आणि तेव्हापासून ती एकच वाक्य धरून बसलीये, "आई, मला बी पडणार."

तिच्या मैत्रिणीची आई म्हणते, एका ग्रेडने काही अडत नाही, घेतातच. दुसऱ्या एकीच्या भाच्याला मात्र एका ग्रेडसाठी नाकारलं, आणि तेही त्याच युनिव्हर्सिटीने! आम्ही दोघं कट-ऑफच्या याद्या बघत मोठे झालो, अर्धा टक्का कमी म्हणजे नाव नाही, विषय संपला. इथलं गणित कळत नाही. आत्ताच फोन करून विचारून ठेवावं का? आणि निकालाच्या दिवशी नेमकं काय करायचं? कुणी यातून गेलं असेल तर सांगा. घरात फार ताण आहे.

लेस्टरची केमिस्ट्री टीचर :

ताई, मी सिक्स्थ फॉर्ममध्ये (अकरावी-बारावीला) शिकवते आणि दर ऑगस्टमध्ये निकालाच्या सकाळी मुलांसोबत असते. तुम्हाला भेटलेल्या दोघीही खरंच सांगताहेत. "घेतातच" एवढं मात्र कुणीही छातीठोकपणे सांगू नये. त्या शब्दावर विसंबलेली मुलं मी त्या दिवशी रडताना बघते.

युनिव्हर्सिटी जेवढ्या जागा तेवढ्याच ऑफर देत नाही. बऱ्याच जास्त देते, कारण काही मुलं दुसरीकडे जाणार आणि काहींचे ग्रेड हुकणार हे तिला ठाऊक असतं. मग एखाद्या वर्षी अंदाजापेक्षा जास्त मुलांनी अट पूर्ण केली की कोर्स भरतो आणि एका ग्रेडने हुकलेल्याला दार बंद होतं. पुढच्या वर्षी त्याच कोर्सला बऱ्याच जणांचे ग्रेड घसरले, तर तीच युनिव्हर्सिटी ए ए बीवाल्यांना बोलावते. म्हणजे तुमची मुलगी किती हुकली यापेक्षा बाकीचे किती हुकले यावर जास्त ठरतं. २०२१ साली परीक्षेऐवजी शिक्षकांनी ग्रेड दिले आणि ए-स्टार व ए मिळून ४४.८ टक्क्यांवर गेले. तेव्हा मागणी असलेले कोर्स तुडुंब भरले. २०२५ मध्ये तोच आकडा २८.३ होता. एका सालचा अनुभव दुसऱ्या सालाला लागू पडत नाही तो यामुळे.

कोर्स कोणता हेही महत्त्वाचं. इंग्लंडमध्ये २०१५ पासून बहुतेक कोर्सेसच्या जागांना सरकारी मर्यादा नाही, त्यामुळे लॅबमध्ये आणि वर्गात जागा असली तर चार मुलं जास्त घेता येतात. मेडिसिनचं तसं नाही. तिथल्या जागा सरकार ठरवतं, आणि तिथे एक ग्रेड हुकली तर मी मुलांना आशा लावत नाही. बायोकेमिस्ट्री त्या कप्प्यात येत नाही, हे तुमच्या बाजूचं आहे.

आता तुमच्या बाजूचं नसलेलंही सांगते, कारण खोटा धीर देऊन काही साधत नाही. बी सायकॉलॉजीत आला तर बहुतेक ठिकाणी त्याकडे जरा सैल नजरेने पाहतात. केमिस्ट्रीत आला तर मोडलेली अट नेमकी त्यांनी नाव घेऊन घातलेली असेल. तरी शक्यता संपत नाही, पण कमी होते.

फोन आत्ता करू नका. निकाल हातात येईपर्यंत ते काहीही सांगू शकत नाहीत. अपवाद एकच. परीक्षेच्या काळात आजारपण, घरात मृत्यू, असं काही झालं असेल तर ते शाळेमार्फत आत्ताच कळवा. निकाल लागल्यावर सांगितलेल्या कारणाला तेवढं वजन उरत नाही, आणि ते बरोबरच आहे असं मला वाटतं, कारण आधी सांगणाऱ्या मुलांवर नाहीतर अन्याय होईल.

निकालाच्या दिवसाबद्दल बहुतेक पालकांना एक गोष्ट माहीत नसते. युनिव्हर्सिटीला निकाल काही दिवस आधीच मिळालेले असतात. निकालाच्या गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास यूकॅस हब (युनिव्हर्सिटी प्रवेशाचं मुलीचं ऑनलाइन खातं) उघडतं तोवर बरेचसे निर्णय झालेले असतात. म्हणून शाळेत पाकीट उघडण्याआधी हब बघा. तिथे जागा पक्की दिसली तर पाकिटात बी असला तरी जागा तुमची. कुणाला विचारायची गरज नाही. फर्मने नाही म्हटलं आणि इन्शुरन्सची अट पूर्ण झाली असेल तर हबवर तीच जागा पक्की झालेली दिसते. आणि काहीच बदललेलं नसेल, तर फर्मचा निर्णय अजून व्हायचाय. फोन करायची वेळ ती.

तो फोन मुलीनेच करायचा, ताई. तुम्ही शेजारी बसा, पाणी द्या, पण बोलू दे तिला. यूकॅसच्या अर्जात तुमचं नाव अधिकृत व्यक्ती म्हणून घातलेलं असेल तर तुमच्याशी बोलतीलही, पण प्रवेश ठरवणाऱ्या ट्यूटरला ऐकायचं असतं ते तिच्याकडून. जवळ यूकॅसचा पर्सनल आयडी आणि ग्रेड लिहिलेला कागद असू दे. लांब कहाणी नको. "मला ए ए बी मिळालेत, केमिस्ट्रीत बी आहे, मला अजूनही हाच कोर्स करायचाय, माझा विचार चालू आहे का?" एवढं पुरे.

सेकंड इयरचा मुलगा, शेफील्ड :

काकू, माझं असंच झालं होतं. फिजिक्सला बी आला आणि फर्मने नाही म्हटलं. त्याच युनिव्हर्सिटीत दुसऱ्या कोर्सला माझ्या मित्राला अगदी माझ्याच ग्रेडवर घेतलं. तेव्हा फार लागलं ते. पण हब उघडलं तेव्हा इन्शुरन्सची जागा आधीच पक्की झालेली होती, मला काहीच करावं लागलं नाही. स्टुडंट फायनान्सच्या खात्यात युनिव्हर्सिटी आणि कोर्स मात्र त्याच दिवशी बदलून घ्या, नाहीतर कर्जाचे पैसे उशिरा येतात. आणि इन्शुरन्सवाल्या युनिव्हर्सिटीची हॉस्टेलच्या अर्जाची तारीख आत्ताच बघून ठेवा.

अजून एक. घाबरून हबवरचं जागा सोडण्याचं बटण दाबू देऊ नका. क्लिअरिंगमध्ये (उरलेल्या जागांच्या फेरीत) जायला ते बटण असतं, पण एकदा सोडलेली जागा परत मिळत नाही. दुसऱ्या युनिव्हर्सिटीने फोनवर होकार दिला असेल आणि तुमचं नक्की ठरलं असेल, तरच.

ॲडमिशन ऑफिसवाली, कार्डिफ :

वर टीचरताईंनी सांगितलेलं बरोबर आहे. आमच्या बाजूने थोडी भर घालते. जागा उरल्या असतील तर हुकलेल्या मुलांची यादी घेऊन ट्यूटर बसतात. कोणत्या विषयात किती हुकलं, ईपीक्यू (मुलाने स्वतः केलेला जादा प्रोजेक्ट) केलंय का, शाळेने काय लिहिलंय, सगळं परत बघितलं जातं. कधी कधी मूळ कोर्सऐवजी जवळचा दुसरा कोर्स किंवा फाउंडेशन वर्ष (डिग्रीआधीचं तयारीचं वर्ष) देऊ करतात. तसं हबवर दिसलं तर ती नवी ऑफर असते. स्वीकारायची की नाकारायची हे मुलीने ठरवायचं, आणि त्याला मोजकेच दिवस मिळतात. पालकांनी घाईने ‘हो’ म्हणायला लावू नये. फाउंडेशन म्हणजे वर्ष वाढतं, आणि फी व राहण्याचा खर्चही वाढतो.

लाइनवर ताटकळावं लागलं म्हणून फोन ठेवू नका. आम्हाला खरंच सगळ्यांशी बोलायचं असतं.

रेडिंगची आई :

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला वाचायला दिलं, तिने फोनवर बोलायचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. अजून एक विचारते. बी आला, पण ए दोन-तीन मार्कांनीच हुकला असं दिसलं तर? पेपर परत तपासून घेता येतो म्हणतात.

लेस्टरची केमिस्ट्री टीचर :

येतो, आणि युनिव्हर्सिटीची जागा अडकली असेल तर त्यासाठी तातडीची सोय आहे. पण अर्ज तुम्ही नाही, शाळेने करायचा असतो, आणि त्याची मुदत निकालानंतर आठवडाभरातच संपते. तातडीच्या अर्जाचं उत्तर १५ दिवसांत येतं. मुलीची लेखी संमती लागते, कारण मार्क वाढतात तसे कमीही होऊ शकतात. ग्रेड बदलली तर फी परत मिळते.

ग्रेडच्या सीमारेषा निकालाच्या सकाळीच जाहीर होतात. तुमच्या मुलीचा बोर्ड एक्यूए असेल तर केमिस्ट्रीचे तीन पेपर मिळून ३०० मार्क असतात. त्यात ती दोन-तीन मार्कांनी हुकली असेल तर मी शाळेच्या मागेच लागेन. पंधरा मार्कांनी हुकली असेल तर तपासणीच्या आशेवर इन्शुरन्सची जागा सोडू नका. मधल्या आकड्यांना उत्तरपत्रिकेची प्रत मागवून विषयाच्या टीचरला दाखवा. लांब उत्तरांत मार्क सुटलेत का, ते अनुभवी नजरेला पटकन कळतं.

तपासणीला दिलंय हे युनिव्हर्सिटीला त्याच दिवशी ईमेलने कळवा आणि जागा थांबवता येईल का असं सरळ विचारा. अटी पूर्ण करायची मुदत ३१ ऑगस्ट असते. तोवर काही युनिव्हर्सिट्या थांबतात. जिथे कोर्स भरलाय तिथे मात्र ग्रेड वाढूनही पुढच्या वर्षीची जागा देऊ करतात.

जुलैत शाळा बंद व्हायच्या आत दोन गोष्टी विचारून ठेवा. निकालाच्या दिवशी एक्झाम्स ऑफिसर किती वाजेपर्यंत शाळेत असतील, आणि केमिस्ट्रीचे टीचर तेव्हा सुटीवर असतील तर उत्तरपत्रिका कोण बघेल.