ग्राफाइटसारखं थरांचं बोरॉन शोधताना शेवटी आयकोसाहेड्राच का उरतात?

प्रश्न
युस्पेक्सने (उत्क्रांतीसारख्या पिढ्या चालवून स्फटिकरचना शोधणारा प्रोग्राम) शुद्ध बोरॉनच्या रचनांचा शोध चालवतोय. सेलमध्ये (स्फटिकाच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या घटकात) 8 ते 16 अणू, दाब शून्य, ऊर्जा पीबीईने (क्वांटम गणिताची एक नेहमीची अंदाजी पद्धत). सुरुवातीला सपाट थर दिसतात, पण काही पिढ्यांत सगळं बी-12 आयकोसाहेड्राकडे (12 अणूंचे वीस पृष्ठांचे गोळे) घसरतं. उरलेले थर एकमेकांना चिकटतात. थर टिकवायचे कसे? आणि फोनॉनमधल्या (अणूंच्या सामूहिक कंपनांमधल्या) ऋण वारंवारता, म्हणजे रचना अस्थिर असल्याची खूण, खऱ्या मानायच्या का?

उत्तर 1
शोध बरोबरच चाललाय. शून्य दाबाला बोरॉनची स्थिर रूपं आयकोसाहेड्राचीच, त्यामुळे निव्वळ ऊर्जेच्या क्रमवारीत थर हरणारच. बोरॉनकडे संयुजा इलेक्ट्रॉन तीन, कार्बनकडे चार. षट्कोनी जाळीत सिग्मा बंध अर्धपोटी राहतात. पूर्ण त्रिकोणी जाळीत उलट प्रतिबंधी (बंध कमजोर करणाऱ्या) पातळ्याही भरू लागतात. मधला तोल साधतो तो त्रिकोणी जाळीतले काही अणू काढून: अल्फा थरात 9 जागांमागे 1 रिकामी, बीटा-12 मध्ये 6 मागे 1, खाय-3 मध्ये 5 मागे 1. 2015 साली चांदीच्या (111) पृष्ठावर तयार झालेलं बोरोफीन (बोरॉनचा एका अणूच्या जाडीचा थर) याच कुळातलं. तेव्हा अणू वाटेल तसे विखरण्यापेक्षा त्रिकोणी जाळीच्या जागा रिकाम्या करत शोधा. सेल छोटा राहतो आणि वेळही वाचतो.

उत्तर 2
आधी सुटा थर घ्या: द्विमिती शोध, जाडीवर मर्यादा, 15 ते 20 अँगस्ट्रॉम निर्वात. रिलॅक्स करताना (अणू कमी ऊर्जेच्या जागी सरकू देताना) सेलची उभी बाजू बांधून ठेवा, नाहीतर निर्वात आक्रसून जातं. हे थर बहुतेक धातूच, म्हणून स्मिअरिंग (पातळ्यांची भरती थोडी पसरवणं) लावा आणि के-जाळी (इलेक्ट्रॉनची ऊर्जा ज्या बिंदूंवर मोजतात ती) दाट ठेवा. विरळ के-जाळीवर क्रमवारीच उलटते.

थर रचताना पीबीईला डी3ची (थरांतल्या कमजोर व्हॅन डर वाल्स ओढीची दुरुस्ती) जोड द्या, पण त्याने चिकटणं थांबणार नाही. दोन थरांतले अणू 1.7–1.9 अँगस्ट्रॉमवर आले असतील तर तो रासायनिक बंधच, मूळ कारण इलेक्ट्रॉनची तूट. ग्राफाइटसारखीच जाळी हवी तर दाता (इलेक्ट्रॉन देणारा) धातू घाला. मॅग्नेशियम डायबोराइडमध्ये प्रत्येक बोरॉनच्या वाट्याला एकेक जादा इलेक्ट्रॉन येतो: बोरॉन–बोरॉन 1.78, दोन थरांमध्ये 3.52 अँगस्ट्रॉम. अशा शोधात ऊर्जा शुद्ध बोरॉनशी ताडून भागत नाही. एमजीबी4, एमजीबी7 ही मॅग्नेशियम-बोरॉनची इतर संयुगंही धरून कॉन्व्हेक्स हल (कोणतं मिश्रण विघटनाविरुद्ध स्थिर ते दाखवणारी ऊर्जारेषा) काढा.

उत्तर 3
फोनॉनचं: गॅमापाशीच (सगळे सेल एकत्र हलतात तो बिंदू) काही सेंमी⁻¹ इतकी ऋण वारंवारता असेल तर आधी कटऑफ (गणितातली ऊर्जामर्यादा), बलांची अचूकता आणि ध्वनी बेरीज नियम (सगळा स्फटिक एकत्र सरकला तर वारंवारता शून्य हवी) तपासा. के-जाळी दाट करूनही टिकली तर खरी. सपाट अल्फा थराची अशीच खरी असते: अणू त्या मोडच्या (कंपनाच्या) दिशेने किंचित हलवून, सममिती बंद करून रिलॅक्स करा, थर थोडा दुमडून अल्फा-प्राइम मिळतो. सममिती चालू राहिली तर तो परत सपाटच होतो.