बिग बँग ‘सिद्ध’ झालाय असं सरसकट म्हणणं बरोबर आहे का?

भटका_धूमकेतू
शाळेपासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे एकच ठोकून सांगतात की विश्व १३८० कोटी वर्षांपूर्वी बिग बँगने सुरू झालं, विषय संपला. पण आपल्या कोल्हापुरात जन्मलेले, केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली पीएचडी केलेले, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी करणारे जयंत नारळीकर आयुष्यभर यावर शंका घेत राहिले. ते काही हौशी नव्हते. माझं म्हणणं इतकंच की ज्या थिअरीत विश्वाचा ९५ टक्के भाग डार्क मॅटर (न दिसणारा, फक्त गुरुत्वाने जाणवणारा पदार्थ) आणि डार्क एनर्जी (प्रसरणाला वेग देणारी अज्ञात ऊर्जा) आहे, आणि यातलं काहीही अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही, तिला ‘सिद्ध’ कसं म्हणायचं? चर्चा व्हावी, भांडण नको.

रेडिओवाला
असहमत. नारळीकर सर मोठेच, पण इथे निकाल निरीक्षणाने लागतो. १९४८ साली आल्फर आणि हर्मन यांनी गणित मांडून सांगितलं की विश्व पूर्वी तापलेलं असेल तर आज सगळीकडे साधारण ५ केल्विनचं (उणे २६८ अंश सेल्सियसचं) प्रारण उरलेलं असणार. पुढे पेन्झियास आणि विल्सनच्या अँटेनात एक खरखर यायला लागली, कुठेही वळवा तीच, आतली कबुतरांची घाणसुद्धा साफ करून पाहिली तरी जाईना, आणि १९६५ ला कळलं की हेच ते प्रारण, आता मोजलं तर २.७ केल्विन. मग कोबे उपग्रहाने १९९० मध्ये त्याचा आलेख दिला, तो कृष्णवस्तूच्या (सगळा प्रकाश शोषून फक्त तापमानाप्रमाणे प्रारण सोडणाऱ्या आदर्श वस्तूच्या) वक्राशी इतका चपखल जुळला की मापनातल्या संभाव्य चुकीची मर्यादा दाखवणाऱ्या रेघा वक्राच्या जाडीतच लपल्या. हॉईल, बॉन्डी आणि गोल्ड यांच्या १९४८ च्या स्थिर स्थिती विश्वात, म्हणजे ज्याला सुरुवातच नाही आणि जे कायम सारखंच दिसतं त्यात, असं प्रारण असायला काही कारणच नव्हतं.

पंचगंगाकाठ
रेडिओवाला साहेब, तुम्ही जुन्या मॉडेलला बडवताय. सर तिथेच थांबले नव्हते, १९९३ मध्ये हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी नवीन मांडणी केली, त्यात विश्व प्रसरण-आकुंचन पावत राहतं आणि अधूनमधून छोट्या छोट्या स्फोटांत पदार्थ तयार होतो. प्रारणाचंही उत्तर दिलं, सुपरनोव्हातून, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटातून, बाहेर पडलेल्या लोखंडाच्या साधारण मिलिमीटरभर लांब सुया अवकाशात पसरल्यात आणि त्या ताऱ्यांचा प्रकाश शोषून मायक्रोवेव्हमध्ये परत सोडतात. हे न वाचताच लोक नारळीकरांना मोडीत काढतात, राग येतो.

निशाचर
मला मुळात प्रसरणच पटत नाही. दूरच्या दीर्घिकेचा (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहाचा) प्रकाश लाल दिसतो म्हणून ती पळतेय असं का? एवढ्या लांबून येताना प्रकाश थकला असेल, ऊर्जा गमावली असेल. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती, २१ सेंटिमीटरची लहर इथे येईपर्यंत ४८ सेंटिमीटर झाली होती. मधे काय झालं ते कुणी पाहिलंय?

रेडिओवाला
निशाचर भाऊ, प्रश्न बरोबर आहे, १९२९ साली खगोलशास्त्रज्ञ झ्विकीने हाच विचारला होता. पण नुसता थकवा असेल तर लहर लांबेल, घड्याळ हळू होणार नाही. सुपरनोव्हा बघा. एका ठराविक प्रकारचा सुपरनोव्हा जवळ असेल तर समजा २० दिवसांत मावळतो, तोच ज्याची लहर दुप्पट लांबलीय अशा दीर्घिकेत ४० दिवस घेतो. रंग जितका लांबतो तितकाच काळही, दोन्ही एका पटीत. थकलेल्या प्रकाशात हे बसतच नाही. दुसरं म्हणजे आयुकाचेच श्रीआनंद आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २००० साली दूरच्या एका वायुढगात, मागून येणारा प्रकाश त्या ढगातून गेला तेव्हाचं प्रारणाचं तापमान काढलं, ते ६ ते १४ केल्विनमध्ये आलं. थिअरी म्हणत होती ९.१. आजच्या २.७ पेक्षा सरळ सरळ गरम. विश्व पूर्वी गरम होतं याला यापेक्षा थेट पुरावा काय हवा?

भटका_धूमकेतू
थांबा, यातून प्रसरण सिद्ध होतं, बिग बँग नाही. नारळीकरांच्या १९९३ च्या मॉडेलमध्येही आत्ता प्रसरण चालूच आहे, तिथेही मागे गेलं की तापमान वाढणार. तुम्ही थकलेल्या प्रकाशाला हरवलंत आणि विजय बिग बँगच्या नावावर लिहिलात.

रेडिओवाला
हा मुद्दा मान्य. मग ड्युटेरियम घ्या. हा जड हायड्रोजन तारे बनवत नाहीत, जाळतात. तरी जुन्या, ताऱ्यांतल्या राखेने फारशा न मळलेल्या वायूत दर लाख हायड्रोजन अणूंमागे साधारण अडीच सापडतात. आला कुठून? पहिल्या काही मिनिटांत तयार झाला असं धरलं तर साध्या, म्हणजे अणूंच्या, पदार्थाची एक घनता निघते, आणि प्रारणातल्या बारीक चढउतारांवरून वेगळ्याच वाटेने काढलेली घनता तीच येते. दोन मापनांचा एकमेकांशी संबंध नाही, उत्तर एकच. पंचगंगाकाठ यांच्या सुया फक्त एका प्रश्नासाठी आणल्यात.

पंचगंगाकाठ
त्या मॉडेलमध्ये ड्युटेरियम त्याच छोट्या स्फोटांत तयार होतं, तेही लिहून ठेवलंय. आणि नव्या वस्तू आणण्याबद्दल तुम्ही बोलू नका. १९९८ ला सुपरनोव्हावरून कळलं की प्रसरणाचा वेग वाढतोय. तेव्हा बहुतेक बिग बँगवाले वेग कमी होतोय असं धरून बसले होते आणि स्थिर स्थितीवाले १९४८ पासून सांगत होते की वाढणार. मग डार्क एनर्जी आणली आणि पुस्तक सुधारलं. ती चालते, सुया चालत नाहीत, असं का?

गणितवाली
मध्येच बोलते. निम्मा घोळ ‘स्फोट’ या शब्दाच्या चित्राने होतोय, कारण फुगा फुटल्यासारखं काही कुठेतरी घडलं आणि तुकडे उडाले असं वाटतं. प्रत्यक्षात सगळीकडेच घनता जास्त होती आणि ती कमी होत गेली, थिअरी इतकंच म्हणते. अगदी सुरुवात कशी झाली हे तिला सांगता येत नाही, तिथे आइन्स्टाइनची समीकरणं मोडतात. म्हणून ‘विश्व गरम आणि दाट अवस्थेतून आलं’ हे मला सिद्ध वाटतं, ‘विश्व शून्यातून सुरू झालं’ हे नाही. पंचगंगाकाठ यांच्या प्रश्नाचं उत्तर असं की डार्क एनर्जीचा आकडा सुपरनोव्हातून, प्रारणातून आणि दीर्घिकांच्या रचनेतून असा वेगवेगळ्या मार्गांनी जवळपास सारखाच निघतो. सुयांचं तसं झालं नाही, आणि प्रारणातले ते बारीक चढउतार, ज्यांचे डोंगर-दऱ्या आलेखात मोजता येतात, ते बिग बँगच्या गणितातून आधीच निघाले होते.

भटका_धूमकेतू
गणितवाली ताई, तुमची विभागणी आवडली, पण मग हबलचा आकडा, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा आजचा दर घ्या. प्रारणातून ६७ येतो, जवळच्या सुपरनोव्हांवरून ७३. चुकीची मर्यादा धरूनही दोन्ही जुळत नाहीत. जुळलं की पुरावा, नाही जुळलं की ‘अजून अभ्यास चालू आहे’, हे दोन्हीकडून नाही चालणार. रेडिओवाला, तुम्हीच सांगा, उद्या नेमकं काय दिसलं तर तुम्ही बिग बँग सोडाल?

रेडिओवाला
सांगतो. विश्वात साध्या पदार्थाच्या वजनात साधारण पाव हिस्सा हेलियम आहे आणि त्यातला बहुतेक सुरुवातीलाच बनला असं थिअरी म्हणते. म्हणजे जिथे तारे फार जळलेलेच नाहीत अशा वायूतसुद्धा तो २३-२४ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. उद्या १० टक्क्यांचा एक ढग दाखवा, नीट तपासलेला, मी सोडतो. आता पंचगंगाकाठ, तुम्ही सांगा, काय दिसलं तर तुम्ही सुया सोडाल?