चर्चा: दहावीच्या सवलतीला ४० टक्क्यांची अट कशाला?

हर्णैकर
शेजारचा मुलगा नववीत आहे. बाप होडीवर. उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांत फरक काय, हे तो तोंडी इतकं नेमकं सांगतो की भूगोलाचे सर ऐकत राहतात. तेच लिहायला दिलं की ‘भरती’ची ‘भतरी’ होते, पुढच्या ओळीत ‘भरीत’, आणि उत्तर अर्ध्यावर असतानाच तास संपतो. शाळा म्हणते, ४० टक्क्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र आणा, मग लेखनिक नि जादा वेळ बघू.
२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १७ काढून वाचा. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आहे. टक्क्यांचा उल्लेखच नाही. ४० टक्के लागतात ते आरक्षणाला आणि कलम ३१च्या मोफत शिक्षणाला. ही खिचडी केली कोणी?

निवृत्त मुख्याध्यापक
कलमं वाचणं सोपं आहे, एकदा परीक्षा केंद्र सांभाळून बघा. वर्षभर कोणाला काही त्रास नसतो, दहावीचे फॉर्म निघाले की खाजगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येऊ लागतात. तासाला वीस मिनिटं म्हणजे तीन तासांच्या पेपरला अख्खा तास वाढतो. तो असाच वाटला तर खऱ्या गरजू मुलाकडेही लोक संशयाने बघतील. सरकारी शिक्का हवाच.

हर्णैकर
सर, शिक्का नको असं म्हटलंय कुठे? टक्का नको म्हणतोय. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी, फेब्रुवारी २०२१. लिहिताना हात आखडणारा उमेदवार, ४० टक्क्यांत बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, लेखनिकाची सोय ४० टक्केवाल्यांपुरती बांधता येणार नाही.

निवृत्त मुख्याध्यापक
त्याच निकालानंतर केंद्राने ऑगस्ट २०२२मध्ये ४० टक्क्यांखालच्यांसाठी सूचना काढल्या. त्यातही लिहिण्यात अडचण असल्याचा सरकारी वैद्यकीय दाखला मागितलाय. म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं.

मालवणचो
मास्तरानू, शिक्को व्हयो तर व्हयो. पण जिल्ह्याक जावन येवक दिवस मोडता, मजुरी बुडता, नि थय गेल्यार कळता डॉक्टर रजेर आसा. तुमचो शिक्को गावात येवक काय घेता?

दहावीची आई
माझं मत पटणार नाही, तरी लिहिते. माझ्या मुलीचा भूमितीचा पेपर वेळेअभावी अर्धवट राहिला. तिला कोणी तास वाढवून दिला नाही. सरळ मुलांनी काय करायचं?

विशेष शिक्षिका, दापोली तालुका
ताई, उत्तर येत नसेल तर तास वाढवूनही येत नाही. तुमच्या मुलीला येत होतं आणि वेळ पुरला नाही, याची चीड मला कळते. या मुलाचं प्रत्येक पेपरला तेच होतं.
आता सर आणि हर्णैकर, तुम्ही दोघंही दहावीवरच अडकलात. २०१८च्या केंद्रीय निकषांप्रमाणे अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचणं, लिहिणं, गणित यांत येणाऱ्या अडचणीची, तपासणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी सुरू व्हायला हवी होती, पुन्हा चौदाव्या आणि अठराव्या वर्षी. हा मुलगा नववीत पोचला तरी कोणी बघितलं नाही, हा खरा घोळ. आपल्याकडे तपासणीला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधायचा तर लोक थेट मुंबई गाठतात. आणि घटक चाचणी तोंडी घ्यायला, फळ्यावरचं उतरवून घ्यायला जास्त वेळ द्यायला कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही. मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं की झालं.

निवृत्त मुख्याध्यापक
एका वर्गात पन्नास पोरं असली की मनावर घेऊन काय होतं, तेही सांगा. बाकी तिसरीचा मुद्दा मान्य.

विशेष शिक्षिका, दापोली तालुका
पन्नासांत अशी दोन-तीनच निघतात, सर. हर्णैकर, फॉर्म निघायची वाट बघू नका. शाळेत आत्ताच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मुलाच्या जुन्या वह्या आहेत का? तपासणीला उपयोगी पडतात.

हर्णैकर
जुन्या रद्दीत गेल्या. यंदाच्या आहेत.

विशेष शिक्षिका, दापोली तालुका
चालतील. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्सही शाळेकडून मागून घ्या.