मदत हवी आहे: उजनीत चालणारी सॉफ्ट प्लास्टिक ल्युअर्स रेवदंड्याच्या खाडीत का चालत नाहीत?

नमस्कार. गेली चार वर्षे मी भिगवणच्या बाजूला, उजनीच्या फुगवट्यावर, तिथल्या ओळखीच्या मच्छीमारांना विचारून सॉफ्ट प्लास्टिक ल्युअरने (मऊ रबरी नकली आमिषाने) मरळ मासा धरतो. माझे आजोळ रेवदंड्याजवळचे आहे, त्यामुळे दिवाळीनंतर हेच सामान घेऊन मी दोनदा कुंडलिकेच्या खाडीवर गेलो आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतलो. जिताडा किंवा तांबोशी हे खाडीतले मासे मिळाले नाहीत याचे फारसे वाईट वाटत नाही. नेमके काय चुकते आहे तेच कळत नाही, ही अडचण आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

उजनीत मी जिथे उभा राहतो तिथे जलपर्णीच्या कडेला पाणी जेमतेम कमरेइतके असते. शेपटीच्या टोकाला बुटाच्या टाचेसारखा चपटा भाग असलेला चार इंची रबरी मासा, म्हणजे पॅडलटेल, मी ३/० मापाच्या ऑफसेट (वाकड्या मानेच्या) गळावर चढवतो आणि गळाचे टोक पाठीतून काढून पुन्हा कातडीखाली किंचित लपवतो, त्यामुळे तो गवतातून न अडकता येतो. वजन बहुतेक वेळा लावतच नाही. वारा सुटला तर ३ ग्रॅमचे शिसे पुढे ओवतो. कडेला टाकून सावकाश ओढायचे, मध्येच थांबायचे, आणि पाण्याला आतून फुगवटी आली की घाई न करता एक श्वास सोडून मग झटका द्यायचा, एवढीच माझी विद्या आहे. (पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा वर आलेला दिसला तर मी तिथे ल्युअर टाकत नाही. मरळ तेव्हा भुकेने नव्हे, तर राखणीसाठी अंगावर येते आणि तिला उचलले की पिल्लांना वाली उरत नाही.)

आता खाडीचे सांगतो. पहिल्यांदा गेलो तो पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, या जुन्या हिशोबाने मामांनी प्रतिपदेची भरती दुपारी पाऊणची सांगितली आणि ती बरोबर निघाली. आम्ही दोनच्या सुमारास खारबंदिस्तीच्या उघाडीपाशी, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या दारापाशी, पोहोचलो आणि पाचपर्यंत थांबलो. उधाणाची (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीची) सुकती, म्हणजे ओहोटी, असल्यामुळे पाणी नदीसारखे वाहत होते. ५ ग्रॅमच्या जिगहेडवरचे (शिशाचे डोके असलेल्या गळावरचे) पॅडलटेल तळाला जाण्याऐवजी झाडाच्या पानासारखे वाहून जात होते, दोरीला धनुष्यासारखा बाक पडत होता, आणि ल्युअर कुठे आहे याचा हाताला पत्ताच लागत नव्हता. ७ ग्रॅमचे लावले तरी तेच. वाहत जाऊन तिवराच्या मुळांत अडकून चार जिगहेड गेले.

दुसऱ्यांदा मुद्दाम अष्टमीला, भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या, पाण्यात गेलो. भरती सकाळी सहाची होती आणि पाणी संथ होते. या वेळी तळ लागला, दोरीवर बारीक टकटकही येऊ लागली, पण झटका दिला की काहीच नाही. ल्युअर बाहेर काढून पाहिले तर शेपटी नाहीशी, आणि कापलेल्या जागी कात्रीने कापावी तशी स्वच्छ अर्धचंद्राकृती खूण. दोन तासांत सहा पॅडलटेल अशी गेली. मामांनी एक हातात घेतले, अंगठा फिरवला आणि म्हणाले, “अरे, हा जिताड्याचा घास नव्हे. जिताडा गिळतो, कातरत नाही. हा केंड आहे.” (केंड म्हणजे अंग फुगवणारा मासा.) मामा स्वतः जिवंत कोळंबीवर गरवतात आणि माझ्या रबराकडे पाहून ते आधीपासूनच हसत होते.

सामान असे आहे: सात फुटी मीडियम रॉड, ३००० मापाचे रीळ, २० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे गळाजवळ २० पौंडी फ्लोरोकार्बनचा लीडर (दोरीचा शेवटचा तुकडा). एका दुकानदाराने सांगितले की खारे पाणी जड असते म्हणून गोड्या पाण्याची ल्युअर्स त्यात तरंगतात, तेव्हा खाडीसाठी सगळी प्लास्टिके वेगळीच घ्यावी लागतील. हे कितपत खरे आहे? वजन कोणत्या हिशोबाने ठरवायचे? उजनीचा लपवलेला गळ इथेही ठेवावा की उघड्या गळाचे जिगहेडच बरे? आणि केंडाचे काय करायचे? त्याखेरीज एक घरचा घोटाळाही झाला आहे. खाडीसाठी म्हणून आणलेले ताणले जाणारे, तरंगणारे प्लास्टिक मी जुन्या ल्युअर्सबरोबर एकाच डब्यात ठेवले होते. आठवड्याने डबा उघडला तर दोन्ही विरघळून गुळाच्या काकवीसारखा चिकट गोळा झाला होता. असे का झाले असावे?

प्रतिसाद – खाडीकाठचा

आपण वेळा आणि तिथी लिहिल्या, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. दुकानदाराच्या म्हणण्याचा आधी निकाल लावू. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असते, आणि खाडीत तर ते गोड्यात मिसळलेले, म्हणजे त्याहून हलकेच. १० ग्रॅम शिशाचे आकारमान एक घनसेंटिमीटरही भरत नाही, त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्याला मिळणारी जादा उचल जेमतेम दोन शतांश ग्रॅम होते. आपल्या चार इंची प्लास्टिकचे आकारमान आठ-नऊ घनसेंटिमीटर धरले, तर त्याला पाव ग्रॅमच्या आसपास उचल मिळेल. म्हणजे उजनीसारखे बिनवजनाचे चढवले तर फरक खरोखर जाणवतो, कारण ते प्लास्टिक मुळातच पाण्याहून जेमतेम जड असते. पण जिगहेड लावल्यावर हा फरक हिशोबात धरण्याजोगा राहत नाही. आपले ल्युअर खारेपणाने नव्हे, ओढीने, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाने, उचलले गेले.

आणि ओढीची सर्वांत वाईट वेळ आपण निवडली होती. सुकतीचे सहा तास धरले तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मे पाणी उतरते. पाऊणच्या भरतीला हे दोन तास पावणेतीन ते पावणेपाच असे येतात, आणि तेही उधाणाच्या दिवशी. अशा वेळी मधल्या धारेत २१ ग्रॅमही कमी पडू शकते. त्यापेक्षा सुकतीचा पहिला तास आणि शेवटचा तास धरावा. मधल्या वेळी थांबायचेच असेल, तर उघाडीच्या भिंतीमागे पाणी जिथे उलटे फिरते त्या आडोशाला टाकावे. जिताडाही धारेत पोहत बसत नाही. तो आडोशाला, ओढीकडे तोंड करून राहतो आणि उघाडीतून वाहून येणारी कोळंबी आणि बोय मासे टिपतो.

वजनाचा हिशोब आकड्यांनी पाठ करू नका, मोजून ठरवा. ल्युअर ओढीच्या वरच्या अंगाला टाकायचे, दोरी फार सैल न सोडता मनात आकडे मोजायचे आणि दोरी ढिली पडली की तळ लागला असे समजायचे. माझ्या अंदाजाने दीड-दोन वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात पाच ते आठ आकड्यांत तळ लागावा. तीन आकड्यांत लागला तर वजन जास्त आहे, ल्युअर दगडासारखे पडते आणि घास बहुधा पडतानाच येत असल्यामुळे तो हुकतो. बारा मोजूनही लागला नाही, तर वजन वाढवा. भांगाला मला ७ ते १० ग्रॅम पुरते, इतर दिवशी १४, उधाणाला २१. दोरी शक्य तितकी बारीक ठेवा, कारण ओढ ल्युअरइतकीच दोरीलाही ढकलते. आपली २० पौंडी ब्रेड ठीक आहे. लीडर मात्र बदलाच. जिताड्याला कापणारे दात नसले तरी त्याचे तोंड पॉलिश पेपरसारखे खरखरीत असते आणि कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. ४० पौंडी फ्लोरोकार्बन अर्धा वाव लावा. तांबोशी धरली की पहिल्या झटक्यात मुळांत घुसते, तिथेही तो लागेल.

गळाबद्दल माझे मत असे आहे की मोकळ्या चिखलावर आणि उघाडीपाशी उघड्या गळाचे जिगहेड वापरावे, कारण जिताड्याचे तोंड टणक असते आणि लपवलेला गळ आधी प्लास्टिक फोडून मग तोंडात शिरेपर्यंत मासा ते थुंकून टाकतो. तिवराच्या मुळांत शिरायचे असेल तरच उजनीची पद्धत वापरा. तिथे सहा मासे हुकले तरी चालतील, सहा जिगहेड गेलेले परवडत नाहीत.

केंडाला माझ्याकडे औषध नाही. त्याचे दात चोचीसारखे जुळलेले असतात, तो शेपटी कातरतो आणि निघून जातो. पहिली शेपटी गेली की तीस-चाळीस पावले पुढे सरका. तिथेच चिवटपणे उभे राहिलात तर पाकीट संपेल. आणि चुकून लागलाच तर सोडून द्या, तो विषारी असतो. शेपटी गेलेली धडे फेकू नका: ती अर्धी कापून ५ ग्रॅमच्या जिगहेडवर लहान तांबोशीला चालतात, आणि हे प्लास्टिक खाडीत कुजतही नाही.

प्रतिसाद – डबेवाला नव्हे

विरघळण्याबद्दल एवढेच सांगतो की नेहमीची सॉफ्ट प्लास्टिके पीव्हीसीत मऊपणा आणणारे तेलासारखे द्रव्य मिसळून करतात, आणि ताणली जाणारी, तरंगणारी प्लास्टिके टीपीई नावाच्या वेगळ्या पदार्थाची असतात. दोन्ही एकमेकांना चिकटून राहिली की ते द्रव्य एकातून दुसऱ्यात शिरते आणि गोळा होतो. काही डब्यांचे प्लास्टिकही असेच मऊ पडते. ज्याचे त्याचे मूळ पाकीट हाच सर्वांत चांगला डबा; रंगही एकमेकांना लागत नाहीत. केंडासाठी म्हणून टीपीई जरूर वापरून पाहा, ते सहजासहजी कातरले जात नाही, फक्त गळावर चढवताना अंगठा शाबूत ठेवा. आणि खाडीत वापरलेले जिगहेड कोऱ्या जिगहेडमध्ये परत टाकू नका. आधी गोड्या पाण्यात धुऊन वाळवा, नाहीतर एकाचा गंज सगळ्यांना लागतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल शुद्ध चतुर्थी होती, म्हणजे भरती तीनची. साडेतीनला त्याच उघाडीच्या भिंतीमागे उभा राहिलो, ४० पौंडी लीडर आणि १४ ग्रॅमचे जिगहेड लावले. पहिल्या फेकीला चार आकड्यांतच तळ लागला म्हणून १० ग्रॅमवर उतरलो, मग सहा-सात येऊ लागले. साडेचारच्या आत वीतभर तांबोशी मिळाली. ती सोडून दिली. मामांनी ल्युअर हातात घेऊन बराच वेळ वास घेतला आणि काहीच बोलले नाहीत. एक शंका उरली आहे: ल्युअर तळाला पडल्यावर अधूनमधून दोरीवर मऊ जडपणा येतो, ठोका नसतो. तो मासा समजून झटका द्यावा का?

प्रतिसाद – खाडीकाठचा

बहुतेक वेळा तो गाळ असतो. रॉड हळूच वीतभर उचला. गाळ असेल तर जडपणा एकसारखा राहून मग लोण्यातून सुटावा तसा सुटतो. मासा असेल तर दोरी ओढीच्या दिशेला न जाता आडवी सरकते, म्हणून अशा वेळी रॉडच्या टोकाकडे नव्हे, दोरी पाण्यात शिरते त्या ठिकाणाकडे बघत राहा. ती ओढीविरुद्ध बोटभर जरी हलली, तरी विचार न करता झटका द्या.